पडताळलेली प्रत म्हणजेच पूर्ण काम : काशीतल्या पोथी-स्कॅनिंग ऑपरेटरांचे मागणीपत्र

प्रति,
काशीतील मराठी विश्वस्त संस्था, मठ व पोथ्या जपणारी घराणी, आणि या कामाला पैसा पुरवणाऱ्या महाराष्ट्रातील देणगीदार संस्था

विषय : स्कॅन केलेल्या पोथ्यांच्या फायली हलवणे, साठवणे आणि पडताळणे या कामाची वेळ, साधने व जबाबदारी

सन्माननीय विश्वस्तहो,

दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागातल्या वाड्यांतून वेष्टनात बांधलेल्या पोथ्या गेली काही वर्षे आमच्या स्कॅनरखाली येत आहेत. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्याने या शहरात पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ लिहिले. कमलाकर भट्टांचा निर्णयसिंधू १६१२ मध्ये इथेच पुरा झाला आणि याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर गेले. तेव्हापासून इथल्या मराठी घरांत जे नकलून घेतले गेले, जमवले गेले, त्यातले उरलेसुरले आज आपल्या कपाटांत आहे. संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाच्या सरस्वती भवनातल्या लाखावर हस्तलिखितांविषयी हे पत्र नाही. तिथली व्यवस्था सरकारी आहे. आमचे म्हणणे खाजगी आणि विश्वस्त संस्थांमधल्या कामापुरते आहे. तिथे आम्ही प्रतिमेमागे ठरलेल्या दराने काम करतो.

मुद्दा एकच आहे. स्कॅनरचा दिवा विझला की काम झाले, असे आजच्या करारांत धरले जाते. त्यानंतर फाइल संगणकावरून बाहेरच्या डिस्कवर जाते, तिथून संस्थेच्या डिस्कवर आणि पुढे पुण्याला किंवा नागपूरला. या प्रवासाला करारात वेळ नाही, दर नाही आणि साधनांची तरतूदही नाही. फाइल मात्र बहुतेक वेळा याच प्रवासात बिघडते आणि मग नुकसान ऑपरेटरच्या पैशातून कापले जाते.

असे एक प्रकरण इथे नोंदवतो. एका संस्थेला दिलेल्या पेनड्राइव्हवर भागवताच्या एका पोथीचे फोल्डर होते. फायली मोजल्या तर पूर्ण, नावे बरोबर. उघडल्यावर पहिली शेकडो पाने स्वच्छ दिसली. शेवटाकडच्या काही पानांवर वरच्या तीन ओळी होत्या आणि त्याखाली सलग करडा पट्टा. त्यानंतरच्या फायलींचा आकार शून्य. पोथी तोवर घरी परत गेली होती आणि मालकांनी ती पुन्हा द्यायला नकार दिला. कपात ज्याने पाने ठेवली त्या मुलाच्या नावावर पडली. पाने त्याने नीट ठेवली होती आणि स्कॅनही नीट झाले होते. कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर पोचल्यावर कुणीतरी पेनड्राइव्ह उपसून घेतला होता.

असे का होते हे आपल्याला ठाऊक असायला हवे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आमच्या संगणकांवरच्या लिनक्स प्रणालीत फाइल कॉपी करताना माहिती आधी संगणकाच्या मेमरीत जमते आणि तिथून सवडीने पेनड्राइव्हवर उतरते. एरवी ही सोय चांगली आहे, तिच्यामुळे संगणक अडत नाही. पण मेमरी मोठी आणि पेनड्राइव्ह संथ असेल, तर पडद्यावर काम संपलेले दिसत असताना एकदोन जीबी माहिती अजून वाटेतच असते. 'सिंक' ही आज्ञा देऊन ती परत येईपर्यंत थांबावे लागते किंवा 'सुरक्षित काढा' म्हणून निरोप येईपर्यंत. हे थांबणे दहा-दहा मिनिटांचे असू शकते. ज्याला प्रतिमेमागे पैसे मिळतात आणि ज्याच्या मागे मुकादम उभा आहे, त्याला ही दहा मिनिटे कोण देतो?

म्हणून आमची पहिली मागणी : प्रत उतरवणे व ती पडताळणे हे काम करारात वेगळे लिहावे आणि त्याला तासाप्रमाणे मोबदला द्यावा.

आकडे मांडतो. तीस सेंटिमीटर लांब आणि बारा सेंटिमीटर रुंद पोथीचे पान सहाशे डीपीआयने, रंगीत, न दाबता टिफमध्ये घेतले तर एका बाजूची फाइल सुमारे ६० एमबीची होते. दोनशे पानांची पोथी दोन्ही बाजूंनी घेतली की २४ जीबी. १ टीबीच्या डिस्कवर अशा जेमतेम चाळीस पोथ्या बसतात. ती डिस्क जुन्या यूएसबी २ च्या खाचेतून भरायची तर प्रत्यक्षात सेकंदाला तीस-पस्तीस एमबीचा वेग मिळतो. म्हणजे एका प्रतीला आठ तास, पूर्ण एक पाळी. यूएसबी ३ असेल तर साधी फिरती डिस्क तीनेक तासांत भरते. त्यावर प्रत्येक फाइलचा शा-२५६ आकडा, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढून मूळ फाइलशी ताडायचा, तर तेवढाच वेळ पुन्हा वाचनात जातो. आपण दोन प्रती मागता. बेरीज आपणच करावी.

यावर एक उत्तर नेहमी मिळते : कॉपी आपोआप होते, ऑपरेटर तेव्हा मोकळाच असतो. तो मोकळा नसतो. फाइल मॅनेजरने रात्री कॉपी लावून घरी गेलो आणि चौथ्याच फायलीला 'या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का?' अशी खिडकी उघडली, तर सकाळपर्यंत ती खिडकी तशीच उभी असते आणि पुढचे काहीच गेलेले नसते. म्हणून आम्ही 'आरसिंक' हा कॉपी करणारा प्रोग्राम वापरतो. तो अडला तरी जिथे थांबला तिथून पुढे जातो, झालेले पुन्हा करत नाही आणि चुकांची नोंद मागे ठेवतो. पण ती नोंद कुणीतरी वाचावी लागते. तेही कामच आहे.

दुसरे उत्तर असे की सगळे इंटरनेटवरून पाठवा. वर चढवण्याचा वेग सेकंदाला दहा मेगाबिट मिळाला आणि तो एकदाही तुटला नाही, तरी १ टीबी पाठवायला नऊ दिवसांहून अधिक लागतात. घाटाकडच्या गल्ल्यांत तो तुटतो.

दुसरी मागणी : पडताळणीचा अहवाल तयार झाल्याशिवाय कोणत्याही फायलीसाठी ऑपरेटरची कपात करू नये, आणि मागे झालेल्या कपाती या कसोटीवर पुन्हा तपासाव्यात. स्कॅन झाल्यावर लगेच मूळ संगणकावर शा-२५६ ची यादी काढली, तर नंतर बिघाड कोणत्या टप्प्यावर शिरला हे कुणाच्या तोंडी साक्षीवाचून कळते. मूळ फाइल शाबूत आणि डिस्कवरची वेगळी असेल, तर स्कॅन करणाऱ्याचा दोष नाही. ही यादी काढणारे साधन प्रत्येक लिनक्समध्ये फुकट असते. त्यावर आमची सही घ्यावी आणि घेणाऱ्याचीही घ्यावी. पडताळणी होईपर्यंत मूळ पोथी मालकाकडे परत पाठवू नये, कारण चूक सापडल्यावर पान पुन्हा ठेवता येणे हाच खरा उपाय असतो. मालकांनाही आमची हात जोडून विनंती आहे की तेवढे दोन दिवस आणखी द्यावेत.

तिसरी मागणी साधनांची. आम्हाला डिस्क दिली जाते ती बहुधा आधी दुसऱ्या कशासाठी वापरलेली असते, आणि पेनड्राइव्ह बाजारातला सर्वांत स्वस्त असतो. त्यावर ५१२ जीबी छापलेले असते आणि आत ३२ जीबी निघते. असा ड्राइव्ह भरत असताना तक्रार करत नाही. फायलींची नावे दिसत राहतात, आतला मजकूर मात्र नसतो. प्रत्येक नवा ड्राइव्ह 'एफ३' या मोफत साधनाने आधी पूर्ण भरून आणि वाचून तपासावा, आणि हा तपास खरेदी करणाऱ्याची जबाबदारी मानावी.

त्यातही एक्सफॅट किंवा ईएक्सटी४ मांडणी केलेल्या डिस्काच घ्याव्यात. फॅट३२ असलेल्या ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी एकही फाइल बसत नाही, मग आत शंभर जीबी मोकळे का असेनात. पूर्ण पोथीची एकत्र पीडीएफ किंवा झिप करून मागितली की 'फाइल फार मोठी' असा निरोप येतो आणि आम्हाला सांगितले जाते की लिनक्समुळे असे होते. तोच ड्राइव्ह विंडोजला लावला तरी तेच होते. मर्यादा ड्राइव्हच्या मांडणीची आहे.

जागेच्या हिशेबाबद्दलही करारात स्पष्टता हवी. खोक्यावरची १ टीबी म्हणजे दहाचा घात धरून मोजलेले एक लाख कोटी बाइट. लिनक्सवर दोनचा घात धरून पाहिले तर तीच डिस्क सुमारे ९३१ जीबीची दिसते. शिवाय ईएक्सटी४ आपल्या सवयीने पाच टक्के जागा फक्त प्रशासकासाठी राखून ठेवते, म्हणजे आणखी सुमारे ४७ जीबी आमच्या हाती येत नाहीत. केवळ साठवणीच्या डिस्कवर ही राखीव जागा एक टक्क्यावर आणता येते, पण त्यासाठी प्रशासकाचा पासवर्ड लागतो आणि तो आम्हाला दिलेला नाही. '१ टीबी दिली होती, भरली कशी?' या प्रश्नाचे हे उत्तर आहे. फायलींची चोरी किंवा हलगर्जी यात नाही, आणि असा संशय बोलून दाखवला गेला याचे आम्हाला दुःख आहे.

जागा मोकळी असूनही 'जागा नाही' असा निरोप येण्याचा आणखी एक प्रकार आहे. ईएक्सटी४ प्रत्येक फायलीची नोंद ठेवण्यासाठी डिस्क तयार होतानाच ठरावीक खाने आखते. कपाटात जागा आहे, पण दाखलखात्याच्या ओळी संपल्या, तशी ही गत. लक्षावधी लहान लघुचित्रे साठली की ती येते, आणि 'डीएफ -आय' ही आज्ञा दिल्याशिवाय कळत नाही.

चौथी मागणी फायलींच्या नावांची. ही आपल्याला किरकोळ वाटेल, पण मराठी-संस्कृत कामात हिच्यामुळे जितकी पाने अडतात तितकी दुसऱ्या कशाने अडत नाहीत. नियमाप्रमाणे आम्हाला ग्रंथाचे नाव, टीकाकार, मालकाचे घराणे, शक आणि पानक्रमांक, सगळे देवनागरीत फायलीच्या नावात लिहायला लावतात. लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. अक्षर वेगळे, काना-मात्रा वेगळी, हलन्त वेगळा. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपले पाहिजे. विंडोजची डिस्क २५५ चिन्हे घेते, म्हणून तिथे केलेले लांब नाव आमच्या संगणकावर येताना अडते. उलट दिशेचा अडथळा याहून बारीक आहे. 'श्राद्धनिर्णयः' लिहिताना घाईत विसर्गाऐवजी कीबोर्डवरचा अपूर्णविराम पडतो. डोळ्याला फरक दिसत नाही. लिनक्सला तो चालतो, पण फॅट आणि एक्सफॅट मांडणीत ते चिन्ह निषिद्ध आहे, म्हणून तेवढीच फाइल पेनड्राइव्हवर जात नाही. दंडाऐवजी उभी रेघ टंकली की तसेच. हजार फायलींतल्या अशा सात मागे राहतात आणि पोथीला मधेच भोके पडतात.

फायलींना साधे क्रमांक द्यावेत : पोथीचा क्रमांक, पानाचा क्रमांक, बाजू. बाकी सर्व माहिती शुद्ध देवनागरीत, खऱ्या विसर्गासह, वेगळ्या तक्त्यात भरावी आणि तो तक्ता प्रत्येक प्रतीसोबत जावा. ग्रंथाचे नाव देवनागरीतच राहावे हा आपला आग्रह आम्हालाही प्रिय आहे. त्याची जागा तक्त्यात आहे.

पाचवी मागणी : प्रत्येक केंद्रावर प्रशासकीय अधिकार असलेली एक प्रशिक्षित व्यक्ती नेमावी, आणि डिस्क भरल्यावर काय पुसायचे व काय पुसायचे नाही याचा लेखी नियम भिंतीवर लावावा.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची साथ संपली. अनेक ठिकाणी जुन्याच संगणकांवर लिनक्स बसवून आमच्या हाती दिले. निर्णय योग्य होता. पण त्या संगणकांत १२८ जीबीची एसएसडी आहे, आणि प्रणाली व स्कॅन एकाच भागात ठेवले आहेत. हा भाग शंभर टक्के भरला की पासवर्ड बरोबर टाकूनही पडदा पुन्हा पासवर्डच मागतो. ऑपरेटर घाबरतो, फोन करतो, आणि फोनवर 'काहीतरी उडव' असा सल्ला मिळतो. त्याला सर्वांत मोठी दिसते ती फाइल म्हणजे टिफ.

उडवायचे ते दुसरेच असते. पुसलेल्या फायली कचरापेटीत तशाच पडून राहतात. बाहेरच्या डिस्कवरून पुसलेल्या तर त्याच डिस्कवर 'ट्रॅश' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जातात, आणि रिकामी म्हणून परत दिलेली डिस्क भरलेलीच निघते. पीडीएफ करताना काम मधेच तुटले की तात्पुरत्या फोल्डरमध्ये गठ्ठे उरतात. जुने कर्नल आणि वाढत गेलेल्या नोंदवह्या असतातच. एखादी फाइल पुसली तरी ती उघडून बसलेला प्रोग्राम चालू असेल, तर तो बंद होईपर्यंत जागा सुटत नाही. हे सारे ओळखायला अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण पुरते, आणि ते आम्हाला कामाच्या वेळेत, मोबदल्यासह मिळावे.

एक बिघाड मात्र प्रशिक्षित माणसालाही चकवतो. रात्रीची प्रत एका ठरलेल्या मार्गावर जावी अशी आज्ञा लावलेली असते. लाइट जाते, येते, आणि बाहेरची डिस्क पुन्हा जोडली जात नाही. आज्ञा चालतेच. त्या मार्गाचे रिकामे फोल्डर संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर असल्याने सगळी प्रत तिथेच ओतली जाते आणि सकाळी संगणक उघडत नाही. डिस्क पुन्हा जोडली की ओतलेले सगळे तिच्याखाली झाकले जाते. मग कितीही शोधा, जागा कुणी खाल्ली ते दिसत नाही. आज्ञेच्या आधी 'माउंटपॉइंट' ही एक तपासणी लिहिली की हा प्रकार बंद होतो. ही एक ओळ प्रत्येक केंद्रावर घालून द्यावी. स्कॅनसाठी वेगळी डिस्क द्यावी, ती ऐंशी टक्क्यांवर गेली की नव्या पोथीला हात लावू नये, आणि यूपीएस द्यावा.

सहावी मागणी : तिसरी प्रत वाराणसीबाहेर असावी. १९७८ च्या सप्टेंबरात इथे गंगा ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती. धोक्याची पातळी ७१.२६२ आहे आणि ती पुढेही वारंवार ओलांडली गेली आहे. घाटाला लागून असलेल्या खोलीत संगणक आणि दोन्ही डिस्का एकाच टेबलावर ठेवणे म्हणजे एकच प्रत ठेवणे. पुणे, नागपूर, कुठेही. तिथेही वर्षातून एकदा ती यादीशी ताडून पाहावी.

संग्रह नाहीसा होण्याची भीती काल्पनिक नाही. सतराव्या शतकात कवींद्राचार्य सरस्वती या गोदातीरावरून आलेल्या संन्याशाने काशीत दोन हजारांवर ग्रंथांचा संग्रह केला होता. शाहजहानकडे रदबदली करून यात्राकर उठवून घेणारे तेच. त्यांचा संग्रह पांगला. त्यातल्या काही पोथ्या त्यांच्या नावाच्या खुणेसह वेगवेगळ्या ग्रंथालयांत मिळतात, पण संग्रह म्हणून आज आपल्याकडे आहे ती त्याची यादी, १९२१ मध्ये बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत छापलेली. आपल्या डिस्कांवरही आज नावांच्या सुबक याद्या आहेत. त्यामागे फाइल आहे की नाही, हे पडताळल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

सातवी मागणी थोडक्यात : ज्या घराची पोथी, त्या घराला तिची पडताळलेली प्रत विनामूल्य मिळावी.

लिनक्स सोडून द्यावे असे आम्ही म्हणत नाही, ही गोष्ट लेखी नोंदवतो, कारण आमच्या तक्रारींचा तसा अर्थ लावला जातो. आरसिंक, शा-२५६ ची यादी, एफ३ ही साधने आम्हाला परवान्याच्या पैशाशिवाय मिळाली. पंधरा वर्षांचा संगणक लिनक्समुळे अजून कामाचा आहे. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त स्रोत प्रणालीला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद व जतन करण्यासाठी ज्ञानभारतम् मोहीम घोषित झाली. इथून पुढे काम वाढणार आहे. वाढण्यापूर्वी त्याचे नियम ठरावेत.

आमच्याकडून आम्ही हे देतो : प्रत्येक पोथीची शा-२५६ यादी त्याच दिवशी, आरसिंकची नोंद प्रत्येक प्रतीसोबत, आणि कोणतीही मूळ टिफ संस्थेच्या लेखी संमतीशिवाय न पुसण्याची हमी.

देवदिवाळीपूर्वी आपण संयुक्त बैठक बोलवावी. पहिल्या दोन मागण्यांवर त्या बैठकीत निर्णय व्हावा, उरलेल्यांचे वेळापत्रक ठरले तरी चालेल. बैठक होईपर्यंत काम थांबणार नाही. मात्र आजपासून प्रत्येक पोचपावतीवर आमचे सभासद 'पडताळणी झाली' किंवा 'पडताळणी झालेली नाही' यांपैकी जे खरे असेल ते लिहूनच सही करतील, आणि कोरी पोचपावती सहीसाठी पुढे आली तर ती परत केली जाईल.

आपले,
पोथी-स्कॅनिंग ऑपरेटरांची कार्यकारिणी व सर्व सभासद
वाराणसी